ना वही, ना पुस्तक : स्कॉटलंडच्या कुटुंबांनी शेकडो वर्षं गाणी कशी जपली?

पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते. तीन वर्षांचं प्रशिक्षण पूर्ण केलेले कॅडेट संथ पावलं टाकत शेवटचा टप्पा ओलांडतात. या क्षणाला 'अंतिम पग' म्हणतात, आणि तेव्हा बँडवर एक चाल वाजत असते. 'ऑल्ड लँग साइन'. ३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्याला जगभर वाजते तीच ही चाल.

हे गाणं स्कॉटलंडचा राष्ट्रकवी रॉबर्ट बर्न्स याच्या नावावर आहे. पण खुद्द बर्न्सने पत्रात लिहून ठेवलंय की हे जुनं गाणं आहे, ते आधी कुठे छापलेलं नव्हतं, कुणाच्या हस्तलिखितातही नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून आपण ते उतरवून घेतलं. बर्न्सने त्यात स्वतःची बरीच भर घातली असं अभ्यासक मानतात. १७९६ मध्ये गाणं छापून आलं आणि बर्न्सचं नाव जगभर झालं. त्या म्हाताऱ्याचं नाव मात्र बर्न्सने लिहिलं नाही.

स्कॉटलंडच्या लोकगीतांची सगळी गोष्ट थोडक्यात हीच आहे. ज्यांनी गाणी लिहून घेतली त्यांची नावं पुस्तकांवर आली. ज्यांनी ती शेकडो वर्षं डोक्यात वागवली ती माणसं होती आया, मावश्या, आज्या, शेतमजूर आणि तंबूत राहणारी फिरस्ती कुटुंबं.

कोणती गाणी?

यात ढोबळमानाने तीन प्रकार येतात.

पहिला प्रकार बॅलड. बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं. खून, फसवणूक, युद्ध, पळून जाऊन केलेलं लग्न, समुद्रात बुडालेली जहाजं असे त्याचे विषय. गोष्ट मध्येच सुरू होते, संवादातून पुढे सरकते आणि कुणाची चूक हे गाणारा सांगत बसत नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी इंग्लंड आणि स्कॉटलंडची अशी ३०५ बॅलड गोळा केली आणि १८८२ ते १८९८ या काळात छापली. आजही अभ्यासक बॅलडला 'चाइल्ड नंबर' सांगूनच ओळखतात.

दुसरा प्रकार बॉथी गीतांचा. ईशान्य स्कॉटलंडमधल्या मोठ्या शेतांवर बिनलग्नाचे गडी ज्या खोलीत राहायचे तिला 'बॉथी' म्हणायचे. नांगर, घोडे, कंजूष मालक आणि वाईट जेवण यांवर या गड्यांनी केलेली ही गाणी. कोणत्या मालकाकडे चाकरीला जाऊ नये, हेही त्यातून सगळ्या जिल्ह्याला कळायचं.

तिसरा प्रकार पश्चिमेकडच्या बेटांवरचा. इथली भाषा स्कॉटिश गेलिक. इथे बायका घरी विणलेलं लोकरीचं कापड साठवलेल्या मूत्रात भिजवून, मोठ्या फळीभोवती बसून आपटायच्या, म्हणजे त्याची वीण घट्ट व्हायची. एकजण ओळ म्हणायची, बाकीच्या ध्रुपद धरायच्या आणि त्या ठेक्यावर हात चालायचे. एकदा म्हटलेलं गाणं त्याच बैठकीत पुन्हा म्हणणं अशुभ मानलं जायचं. साहजिकच बायकांना गाण्यांचा मोठा साठा पाठ ठेवावा लागायचा.

शिकवायचं कोण?

वर्ग नव्हता, गुरू नव्हता. काम चाललेलं असायचं, गाणं चाललेलं असायचं आणि पोरं आजूबाजूला असायची. सगळ्यात जुनं आणि नीट नोंद झालेलं उदाहरण ॲना गॉर्डनचं आहे.

ॲनाचा जन्म १७४७ चा. वडील ॲबर्डीनला प्राध्यापक. म्हणजे घरात पुस्तकांची कमी नव्हती. तरीही तिच्याकडची बॅलड पुस्तकातून आली नव्हती. ती तिने लहानपणीच आई, मावशी आणि घरातली एक जुनी मोलकरीण यांच्याकडून ऐकून पाठ केली होती. पुढे ती लग्न करून 'मिसेस ब्राउन' झाली. १७८३ मध्ये तिच्या वडिलांच्या सांगण्यावरून तिची गाणी कागदावर उतरवली गेली. सर वॉल्टर स्कॉट यांनी ती वापरली आणि पुढे प्राध्यापक चाइल्ड यांनी स्कॉटलंडच्या बॅलडमध्ये तिच्या पाठांना सर्वात वरचं स्थान दिलं. प्राध्यापकाच्या घरातला हा ठेवा प्राध्यापकाकडून नाही, तर स्वयंपाकघराच्या बाजूने आला होता.

गाणं नेहमी सरळ बापाकडून मुलाकडे जायचं असंही नाही. बेल स्टुअर्ट ही फिरस्त्या कुटुंबातली प्रसिद्ध गायिका. १९०६ मध्ये टे नदीच्या काठी एका तंबूत तिचा जन्म झाला. ती तान्ही असतानाच वडील वारले. पण त्यांची गाणी तिच्या थोरल्या भावांना पाठ होती. भावांनी ती बेलला शिकवली. ज्या बापाचा चेहराही तिला आठवत नव्हता, त्याची गाणी ती आयुष्यभर गात राहिली.

'तुम्ही छापलंत आणि जादू मोडलीत'

१८०२ साली वॉल्टर स्कॉट बॅलड गोळा करत दक्षिण स्कॉटलंडमधल्या एट्रिक खोऱ्यात पोचले. तिथे मार्गारेट लेडलॉ नावाची बाई राहायची. मेंढपाळ कवी जेम्स हॉग याची ही आई. तिने स्कॉटना जुनं बॅलड म्हणून दाखवलं आणि मग चांगलंच सुनावलं.

हॉगने लिहून ठेवलेल्या आठवणीनुसार तिचं म्हणणं असं होतं की ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. ती छापून स्कॉट यांनी त्यांची जादू घालवली. शिवाय जे छापलं तेही नीट उतरवलेलं नाही.

म्हातारीचा मुद्दा साधा होता. तोंडी गाणं दर वेळी थोडं बदलतं. गाणारी व्यक्ती समोर कोण बसलंय ते पाहून एखादं कडवं गाळते, एखादं लांबवते. छापलं की त्यातला एक पाठ 'बरोबर' ठरतो आणि उरलेले सगळे 'चुकीचे'. चाल तर बहुतेक वेळा कागदावर येतच नाही.

यापुढे ही गाणी कुणी गाणार नाही, ही तिची भीती मात्र खरी ठरली नाही. साहेबांची पुस्तकं ज्यांच्या घरात कधी पोचलीच नाहीत, अशा कुटुंबांमध्ये गाणी चालू राहिली.

मास्तर, पाद्री आणि न गाणारी बाई

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲबर्डीनशायरमध्ये गेव्हिन ग्रेग हे शाळामास्तर आणि जेम्स डंकन हे पाद्री गाणी गोळा करायला निघाले. फार काही उरलं नसेल असं अनेकांना वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांच्याकडे तीन हजारांहून जास्त गाणी जमली.

त्यांना सर्वात जास्त गाणी देणारी व्यक्ती होती बेल रॉबर्टसन नावाची वृद्ध बाई. तिने सुमारे ४०० गाणी दिली, त्यातली कितीतरी आईकडून आलेली. गंमत म्हणजे ही बाई गात नसे. ती शब्द म्हणून दाखवायची आणि कोणतं गाणं कुणाकडून ऐकलं हेही सांगायची.

ग्रेग १९१४ मध्ये गेले, डंकन १९१७ मध्ये. त्यांचा संपूर्ण संग्रह आठ खंडांत छापून पूर्ण व्हायला २००२ साल उजाडलं.

टेप रेकॉर्डर आला

१९५१ हे वर्ष महत्त्वाचं. अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स टेप रेकॉर्डर घेऊन स्कॉटलंडला आला. त्याला वाट दाखवायला होता हॅमिश हेंडरसन. हा कवी, दुसऱ्या महायुद्धातला सैनिक आणि पुढे स्कॉटलंडच्या लोकगीत चळवळीचा मुख्य माणूस. त्याच वर्षी एडिंबरा विद्यापीठात 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' सुरू झालं. गावोगावी जाऊन गाणी, गोष्टी आणि आठवणी ध्वनिमुद्रित करणं हे तिथलं एक मोठं काम होतं.

टेपमुळे मोठा फरक पडला. आता फक्त शब्द नाही, तर आवाज, श्वास, ठेका आणि दोन कडव्यांमधली शांतताही उतरवता येत होती. मार्गारेट लेडलॉच्या तक्रारीला दीडशे वर्षांनी थोडंफार उत्तर मिळालं.

दारातच चूक दाखवणारी जीनी

१९५३ मध्ये हेंडरसन ॲबर्डीनला गेला. बाजारात बसणाऱ्या फिरस्त्या लोकांना त्याने विचारलं, जुनी बॅलड कुणाला येतात? त्यांनी नाव सांगितलं, जीनी रॉबर्टसन.

त्या दारातल्या भेटीचा किस्सा स्कॉटलंडमध्ये आवडीने सांगितला जातो. दिवसभर दमलेली जीनी अनोळखी माणसाला आत घ्यायला फारशी राजी नव्हती. तेव्हा हेंडरसनने एका जुन्या लढाईचं बॅलड म्हणायला सुरुवात केली. ते ऐकून जीनीने त्याला आत बोलावलं. कारण तो चुकीचं म्हणत होता आणि तिला ते बरोबर म्हणून दाखवायचं होतं.

जीनीचा जन्म १९०८ चा. तिची गाणी मुख्यतः आईकडून आलेली. त्यात 'सन डेव्हिड' नावाचं एक बॅलड होतं. आई मुलाला विचारते, तलवारीवर रक्त कसलं? मुलगा एकामागून एक सबबी सांगतो आणि शेवटी कबूल करतो की आपण भावाला मारलं. मग तो तळ नसलेल्या नावेतून कायमचा निघून जातो. याचाच एक पाठ 'एडवर्ड' नावाने १७६५ मध्ये छापला गेला होता. त्यात मुलाने बापाला मारलेलं आहे. म्हणजे गोष्ट तीच, पण पुस्तकात एक मरण आणि जीनीच्या घरात दुसरं.

१९६८ मध्ये जीनीला ब्रिटिश सरकारचा 'एमबीई' किताब मिळाला. तिची मुलगी लिझी हिगिन्स ॲबर्डीनमध्ये मासे कापण्याचं काम करायची. आई इतकी मोठी गायिका म्हटल्यावर लिझीने बराच काळ लोकांसमोर गाणं टाळलं. ती गायला लागली तेव्हा लक्षात आलं की गाणी आईची आहेत, पण हरकती वेगळ्या आहेत. लिझीचे वडील बॅगपाइप वाजवायचे. त्या वाद्याची वळणं तिच्या गळ्यात उतरली होती. एका घरात, एकाच पिढीच्या अंतराने गाणं बदललं, आणि कुणीही त्याला चूक म्हटलं नाही.

हेंडरसन परंपरेला 'वाहून नेणारा प्रवाह' म्हणायचा. तो नेमकं काय म्हणत होता ते या मायलेकींकडे पाहिलं की कळतं.

रास्पबेरीच्या शेतातलं कुटुंब

पर्थशायरमधलं ब्लेअरगाउरी हे गाव रास्पबेरीसाठी प्रसिद्ध. तोडणीच्या दिवसांत देशभरातून फिरस्ती कुटुंबं इथे यायची, शेताजवळ तंबू ठोकायची आणि रात्री शेकोटीभोवती गाणी रंगायची. या तोडणीवर केलेलं एक गाणं इथे सगळ्यांना माहीत होतं. १९५० च्या दशकात मॉरिस फ्लेमिंग हा स्थानिक तरुण त्या गाण्याचा कर्ता शोधायला निघाला. तेव्हा कळलं की कर्ती गावातच राहते. ती होती बेल स्टुअर्ट, तीच तंबूत जन्मलेली.

बेल, तिचा बॅगपाइप वाजवणारा नवरा ॲलेक आणि त्यांच्या मुली 'स्टुअर्ट्स ऑफ ब्लेअर' म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्यांच्यातल्या शीलाला तिच्या मामाने, डोनाल्ड मॅकग्रेगर याने, जाणूनबुजून निवडून बॅलड शिकवली. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून शब्दांपेक्षा त्याचा भर दुसऱ्याच गोष्टीवर असायचा. फिरस्त्यांच्या बोलीत तिला 'कॉनयाख' म्हणतात. गाणाऱ्याच्या आतून उठून ऐकणाऱ्याच्या आत जाऊन बसतं, ते कॉनयाख. नुसता गोड गळा असून ते येत नाही, असं शीला सांगायची.

ही मुलगी पुढे व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्यासमोर गायली. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे ग्लासगोला आले, तेव्हा फिरस्त्यांच्या वतीने ती लाखो लोकांसमोर गायली. तिचं निधन २०१४ मध्ये झालं.

बेटावरच्या मायलेकी

गेलिक गाण्यांचंही असंच. फ्लोरा मॅकनील १९२८ मध्ये बारा नावाच्या बेटावर जन्मली. आई आणि मावशीकडून ऐकलेली शेकडो गाणी तिला येत होती. ती नोकरीसाठी एडिंबराला आली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करू लागली. १९५१ मध्ये लोमॅक्सने तिचा आवाज टेप केला. त्याच वर्षी हेंडरसनने एडिंबरात भरवलेल्या मैफलीत ती शेतकरी आणि बॉथी गायकांच्या बरोबरीने गायली. शहरी श्रोत्यांपैकी अनेकांनी आपल्याच देशाचं हे गाणं पहिल्यांदा थेट ऐकलं. फ्लोराची मुलगी मॅगी मॅकइनिस ही आज हार्पवर हीच गाणी गाते.

पण इथे आणखी एक अडचण आहे. गिरण्या आल्यावर कापड आपटायचं काम संपलं, त्यामुळे त्या गाण्यांचं निमित्तच गेलं. शिवाय भाषाच आक्रसत चालली आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार स्कॉटलंडमध्ये थोडंफार गेलिक येणारे सुमारे १ लाख ३० हजार लोक आहेत. गेलिकचा बालेकिल्ला असलेल्या पश्चिमेकडच्या बेटांवर ती बोलणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं आहे. आईला भाषा येते आणि पोराला येत नाही, अशा घरात गाणं एका पिढीत तुटतं.

गाणी हवीत, गाणारे नकोत

जीनी, बेल आणि शीला या तिघी ज्या समाजातल्या, त्याला 'स्कॉटिश ट्रॅव्हलर्स' म्हणतात. पत्र्याची भांडी बनवणं, घोड्यांचा व्यापार, नदीतले मोती शोधणं आणि शेतातली हंगामी कामं करत ही कुटुंबं फिरायची. लोक त्यांना 'टिंकर' म्हणून हिणवायचे. शाळेत पोरांना मार आणि टोमणे मिळायचे, मुक्कामाच्या जागांवरून हुसकलं जायचं.

विसाव्या शतकात सरकारी यंत्रणांनी त्यांना एका जागी बसवण्यासाठी जे केलं ते आज 'टिंकर एक्स्पेरिमेंट' या नावाने ओळखलं जातं. कुटुंबांना निकृष्ट झोपड्यांमध्ये ठेवलं गेलं, काही मुलांना आईबापांपासून तोडलं गेलं. जून २०२५ मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांनी याबद्दल अधिकृत माफी मागितली.

म्हणजे ज्या काळात विद्यापीठाचे लोक या समाजाची गाणी 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून टेप करत होते, त्याच काळात सरकार तो समाज मोडायला निघालं होतं. ही गाणी तंबूत, शेकोटीभोवती, एकत्र राहणाऱ्या तीन पिढ्यांमध्ये टिकली होती. तंबू उठवला, मूल घरापासून तोडलं, की गाणं पुढे द्यायला कुणी उरत नाही.

आज काय चाललंय?

काळजीचं कारण आहे, तशा चांगल्या गोष्टीही घडल्या आहेत. १९८१ मध्ये बारा बेटावर मुलांना गेलिक गाणी आणि वाद्यं शिकवणारा 'फेश' नावाचा उत्सव सुरू झाला आणि पुढे तो स्कॉटलंडभर पसरला. २०१० मध्ये 'टोबार अन डुआलखाइश' ही वेबसाइट सुरू झाली. नावाचा अर्थ 'वारशाची विहीर'. स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजसह इतर संग्रहांतली हजारो ध्वनिमुद्रणं तिथे कुणालाही फुकट ऐकता येतात. जीनीचा भाचा स्टॅनली रॉबर्टसन आयुष्यभर मासळीच्या कारखान्यांत राबला आणि उतारवयात ॲबर्डीन विद्यापीठाच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये आपल्या समाजाची गाणी आणि गोष्टी पुढच्या पिढीला देत राहिला. २००९ मध्ये तो गेला.

रेकॉर्डिंगमुळे गाणं मरत नाही, हे खरं. पण रेकॉर्डिंग चूक दाखवत नाही, दारात उभ्या असलेल्याला आत बोलावून बरोबर म्हणून दाखवत नाही. ते काम आईचं, मावशीचं, मामाचं. म्हणून स्कॉटलंडमधले जुने गायक आजही गाणं सुरू करण्याआधी सांगतात, हे मला कुणी दिलं.

बर्न्सच्या त्या म्हाताऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही. दीडशे वर्षांनी जीनीचं, बेलचं आणि शीलाच्या निरक्षर मामाचं नाव लिहिलं गेलं. तेवढा तरी फरक पडला.